निळ्या उजेडाची हवा

निऑनच्या पाटीवरचा लाल-नारिंगी रंग तेवढा खऱ्या निऑनचा. काचेची नळी, दोन टोकांना इलेक्ट्रोड, आत अगदी विरळ केलेला निऑन वायू आणि काही हजार व्होल्टचा दाब, एवढ्यावर तो पेटतो. त्यात पारा नसतो. निळा, पांढरा, हिरवा अशा बाकीच्या बहुतेक रंगांचं तसं नाही. त्या नळ्यांत मुख्यतः आर्गॉन असतो, आणि आर्गॉनचा स्वतःचा उजेड फिकट जांभळा, रस्त्यावरून धड दिसणारही नाही असा. त्याला तेज येतं ते पाऱ्याच्या एका थेंबामुळे. वीज सुरू झाली की थेंबाची वाफ होऊ लागते, वाफ निळी पेटते, आणि तिच्यातून निघणारे अतिनील किरण नळीच्या आतल्या पावडरीच्या लेपावर पडले की लेप आपला रंग दाखवतो. थेंब नळीत बंद आहे तोवर त्याचा कुणाला त्रास नाही. काळजी करायची ती तो नळीत जाण्याआधीची आणि नळीतून बाहेर आल्यानंतरची. म्हणजे तो जिथे हाताळला जातो त्या खोलीतल्या हवेची.

निऑन वायू विल्यम रॅम्झी आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी १८९८ मध्ये लंडनला वेगळा काढला. जॉर्ज क्लोद या फ्रेंच इंजिनिअरचा हवा द्रवरूप करण्याचा उद्योग होता, त्यातून हा वायू त्याच्याकडे आपसूक साठत गेला. त्याने १९१० च्या डिसेंबरात पॅरिसच्या मोटार प्रदर्शनात निऑनचे दिवे लावून दाखवले आणि १९१५ मध्ये अमेरिकेतलं पेटंट मिळवलं. मुंबईच्या रात्रीवरही या नळ्यांनी अनेक वर्षं राज्य केलं: थिएटरांची नावं, हॉटेलांच्या पाट्या, मरीन ड्राइव्हच्या इमारतींवरच्या जाहिराती. आता एलईडीच्या लवचीक पट्ट्यांनी धंदा जवळजवळ खाऊन टाकला आहे. दुकानात ‘निऑन’ म्हणून मिळतं ते बहुतेकदा एलईडीच असतं आणि त्यात पारा नसतो. पण काच वाकवणारे हात अजून आहेत. सिनेमाचे सेट, बार, कॅफे आणि कलाकार यांच्याकडून त्यांना काम येतं, आणि हे काम शिकायला धडपडणारी तरुण मुलंही आहेत. मोठ्या कारखान्यांचं काम एकट्या-दुकट्याच्या गाळ्यात आणि स्टुडिओत आलं आहे, आणि तिथली हवा तपासायला कोणी येत नाही. म्हणून हा विषय आत्ता लिहायला हवा.

असा एक गाळा मी मुंबईच्या उपनगरात पाहिला. औद्योगिक वसाहतीचा दुसरा मजला. साधारण तीन मीटर रुंद, चार मीटर लांब, डोक्यावर तीन मीटरवर स्लॅब, खाली शहाबादी फरशी. एका भिंतीशी कामाचं टेबल आणि गॅसचे बर्नर, दुसऱ्या टोकाला पंप. खिडकी एकच, तीही बंद. पंखाही बंद. उकाडा मरणाचा. “काका, खिडकी तरी उघडा ना,” तिथल्या कारागिराला म्हटलं, तर काका म्हणाले, “वारा आला की ज्योत हलते. ज्योत हलली की काच एका अंगाने गार पडते, मग वाक धड येत नाही.” हे कारण खरं आहे आणि कारागिराच्या दृष्टीने पुरेसंही आहे. ‘खिडक्या उघड्या ठेवा’ एवढा एका ओळीचा सल्ला देऊन मोकळे होणारे लोक हे कारण ऐकूनच घेत नाहीत, आणि त्यांचा सल्ला भिंतीवरच्या कागदावर राहतो.

टेबलावर अक्षरांचा आराखडा पसरलेला असतो, उलटा काढलेला. नळीच्या एका टोकाला बूच, दुसऱ्या टोकाला बारीक रबरी नळी आणि तिचं टोक काकांच्या दातांत. नळी ज्योतीत फिरत राहते. काच मऊ पडून झुकू लागली की काका ती ज्योतीबाहेर काढतात, आराखड्यावर टेकवून वाकवतात आणि त्याच क्षणी रबरी नळीतून हलकी फुंकर घालतात. फुंकर चुकली तर वाकाशी नळी चपटी होते. दोन-तीन सेकंदांत सगळं आटपतं. असे पाच-सहा वाक झाले की एक अक्षर होतं.

मग नळी पंपाला जोडायची. आतली हवा ओढून घ्यायची, आणि बॉम्बार्डर नावाच्या भल्यामोठ्या ट्रान्सफॉर्मरने दहा-वीस हजार व्होल्टच्या दाबाने नळीतून प्रवाह सोडायचा. काच तापते, तिला चिकटलेली वाफ आणि मळ सुटून पंपाकडे जातो, इलेक्ट्रोड लाल होतात. काच पुरेशी तापली का हे पाहायला काकांनी तिच्यावर वर्तमानपत्राची पट्टी ठेवली. पट्टी तपकिरी पडली, म्हणजे काच दोनशे अंशांच्या पुढे गेली. या वेळी सगळ्यांनी चार हात लांब उभं राहायचं, कारण तो प्रवाह माणसाला जागच्या जागी मारू शकतो. पुढे नळी निवू द्यायची, आर्गॉन भरायचा आणि पंपाकडचा बारीक फाटा ज्योतीने वितळवून बंद करायचा.

पारा यात कुठे येतो, यावर सगळं अवलंबून आहे. नीट काम करणारा कारागीर पंपाकडच्या फाट्यावर एक लहानसा फुगीर कप्पा ठेवतो आणि थेंब त्या कप्प्यात ठेवतो. मुख्य नळी तापत असते तेव्हा थेंब बाजूला थंड असतो. नळी पंपापासून सुटी झाली, की ती तिरकी करून थेंब आत घरंगळू द्यायचा आणि रिकामा कप्पा ज्योतीने तोडून टाकायचा. घाईचं काम करणारा थेंब आधीच नळीत टाकतो. दोनशे अंशांवर पाऱ्याच्या वाफेचा दाब तीस अंशांवरच्या दाबाच्या सहा हजार पटींच्या आसपास असतो. ती वाफ पंप ओढून घेतो. थोडी पंपाच्या तेलात मुरते, उरलेली पंपाच्या तोंडातून गाळ्यात येते. पंप पुढच्या प्रत्येक नळीला चालू राहतो, आणि तेलात मुरलेला पारा दर वेळी थोडा थोडा हवेत सोडतो. ज्याने तो थेंब टाकला तो निघून गेला, तरी त्याचा पंप बाकीच्यांना पारा पाजत राहतो.

किती पारा म्हणजे जास्त, हे आकड्यांत पाहिल्याशिवाय उमजत नाही. अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने आठ तासांच्या कामासाठी सुचवलेली मर्यादा आहे घनमीटर हवेत ०.०२५ मिलिग्रॅम. आपल्या कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या परिशिष्टात पाऱ्याच्या वाफेसाठी ०.०५ मिलिग्रॅम दिलं होतं. काकांच्या गाळ्यात ३६ घनमीटर हवा मावते. म्हणजे पहिली मर्यादा गाठायला सगळ्या गाळ्यात मिळून एक मिलिग्रॅमही पारा लागत नाही. एक मिलिमीटर व्यासाचा, टाचणीच्या डोक्याएवढा थेंब सात मिलिग्रॅमचा असतो. तो पूर्ण हवेत मिसळला तर मर्यादेच्या जवळपास आठपट. युरोपीय संघाने हाताने घडवलेल्या अशा नळ्यांना पाऱ्याच्या बंदीतून सूट देताना प्रमाण ठरवून दिलं. घरात लावायच्या नळीला इलेक्ट्रोडच्या जोडीमागे १५ मिलिग्रॅम आणि लांबीच्या दर सेंटिमीटरला ०.२४ मिलिग्रॅम. त्या हिशेबाने मीटरभर नळीत ३९ मिलिग्रॅम. तेवढी नळी फुटून सगळ्याची वाफ झाली तर त्याच गाळ्यात चाळीसपटीहून जास्त.

अर्थात थेंब एका झटक्यात उडून जात नाही, आणि हवाही थोडीफार बदलत असते. पण हळूहळू उडणं ही सुटका नाही. फरशीच्या फटीत गेलेला थेंब महिनोन् महिने तिथेच असतो आणि रोज थोडा थोडा वर येतो. शहाबादीच्या सांध्यांमधलं सिमेंट झिजलं की त्या फटी पाऱ्याचं कोठार होतात. त्यात आपलं हवामान. वीस अंशांवर पाऱ्याने पूर्ण भरलेल्या हवेत घनमीटरमागे १३ मिलिग्रॅम पारा मावतो, तीस अंशांवर तीसच्या घरात, चाळीस अंशांवर साठच्या पुढे. पाश्चात्त्य देशांतल्या थंड वर्कशॉपसाठी लिहिलेली पुस्तकं वाचून आपल्याकडच्या गाळ्याचा अंदाज बांधता येत नाही. इथे मे महिन्यात बर्नर पेटलेले असताना गाळ्यात चाळीस अंश सहज असतात.

ही वाफ दिसत नाही आणि तिला वासही नाही. दिसावी अशी एक सोय मात्र निसर्गाने ठेवली आहे. जंतू मारणारा अतिनील दिवा, समोर त्या किरणांनी चमकणारा पडदा आणि मध्ये पाऱ्याची उघडी बाटली ठेवली, की पडद्यावर बाटलीच्या तोंडातून वर चढणारी काळसर सावली दिसते, थेट धुरासारखी. नळीच्या आतला पारा २५४ नॅनोमीटरच्या आसपासचे जे किरण सोडतो, तेच किरण बाहेरचा पारा गिळतो. म्हणून सावली पडते. हे किरण डोळ्यांना इजा करतात, तेव्हा प्रयोगशाळेतल्या जाणत्या माणसानेच हे दाखवावं. पण निऑन शिकणाऱ्या प्रत्येक मुलाने एकदा ही सावली पाहावी असं मला मनापासून वाटतं. ती पाहिलेला माणूस पाऱ्याच्या बाटलीचं झाकण उघडं ठेवणार नाही.

पोटात गेलेला पातळ पारा शरीर जवळजवळ जसाच्या तसा बाहेर टाकतं. फुप्फुसांत गेलेल्या वाफेचं वेगळं. तिच्यातला सुमारे ऐंशी टक्के पारा रक्तात उतरतो, आणि तिथून मेंदूत शिरायला त्याला अडचण येत नाही. शरीरातला निम्मा पारा बाहेर पडायला साधारण दोन महिने लागतात, म्हणजे रोज थोडा मिळत राहिला तर तो साठतच जातो. आधी झोप बिघडते, चिडचिड वाढते, चारचौघांत जायला नको वाटतं. हिरड्या सुजतात, तोंडाला धातूची चव येते. पुढे बोटांना कंप सुटतो आणि सहीचं वळण बदलतं. यातलं एकही लक्षण ‘मी पाऱ्याचं आहे’ असं सांगत येत नाही. घरचे म्हणतात वय झालं, शेजारी म्हणतात पीत असेल. काच वाकवणाऱ्याला तर हात म्हणजेच पोट. कंप सुटला की तो काम सोडतो आणि कारण कुठेच नोंदलं जात नाही.

आल्फ्रेड श्टोक या जर्मन रसायनशास्त्रज्ञाची हकीकत प्रत्येक निऑन कारागिराला कोणीतरी सांगायला हवी, कारण त्याची प्रयोगशाळा निऑनच्या गाळ्याची सख्खी बहीण होती: काचेच्या नळ्या, निर्वात पंप आणि पारा. बोरॉन आणि सिलिकॉन यांची हवेत आपोआप पेट घेणारी संयुगं हाताळायला त्याने काचेची बंद यंत्रणा उभारली, आणि तिच्या झडपांत व पंपांत पारा वापरला. वर्षानुवर्षं त्याला डोकेदुखी, चक्कर, सतत चोंदलेलं नाक, तोंडात फोड यांनी छळलं. मग स्मरणशक्ती ढासळली. स्वतःची व्याख्यानं लक्षात राहीनात, कामातला आनंद गेला. डॉक्टर नाकाचे उपचार करत राहिले. प्रयोगशाळेतल्या सहकाऱ्यांनाही असाच त्रास होत होता, तरी एकाचा दुसऱ्याशी संबंध कुणी जोडला नाही. १९२४ च्या सुमाराला उलगडा झाला. पारा प्रयोगशाळेच्या हवेत होता, आणि हवेत येत होता तो सांडून जमिनीच्या फटींत गेलेल्या थेंबांतून. १९२६ मध्ये श्टोकने पाऱ्याच्या वाफेच्या धोक्यावर निबंध लिहून स्वतःचा आजार सगळ्या रसायनशास्त्रज्ञांपुढे उघडा केला. ज्या काळात पाऱ्याची वाटी टेबलावर उघडी ठेवणं ही रोजची रीत होती, त्या काळात हे लिहायला मोठी हिंमत लागते. पुढे त्याने पाऱ्याचं अत्यल्प प्रमाण मोजण्याच्या पद्धती घडवल्या. त्याचा सल्ला आजही जसाच्या तसा लागू आहे: सांडलेला पारा ताबडतोब गोळा करा, जमिनीला फटी ठेवू नका, हवा सतत बदलती ठेवा.

श्टोकच्याही आधी हे कळलेले लोक होते. आजच्या स्लोव्हेनियातल्या इद्रिया इथल्या पाऱ्याच्या खाणीत १६६५ मध्येच कामाचा दिवस सहा तासांवर आणला गेला होता. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने १७०० मध्ये कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला, त्यात पाऱ्याचा मुलामा देणारे आणि व्हेनिसचे आरसे बनवणारे आहेत. इतकं जुनं ज्ञान असूनही आपल्याकडे कोडाईकनालचा थर्मामीटरचा कारखाना पाऱ्याच्या कचऱ्यामुळे २००१ मध्ये बंद पडला, आणि तिथल्या माजी कामगारांशी तडजोड व्हायला २०१६ उजाडलं.

आता हवेकडे येऊ.

बहुतेक गाळ्यांत हवेची सोय म्हणजे छताचा पंखा, नाहीतर भिंतीत उंचावर बसवलेला एक्झॉस्ट फॅन. छताचा पंखा हवा बाहेर नेत नाही. तो टेबलाजवळची वाफ सगळ्या गाळ्यात सारखी वाटतो, आणि फरशीवरच्या थेंबांवर वारा घालून त्यांची वाफ आणखी लवकर करतो. भिंतीतला एक्झॉस्ट फॅन हवा बाहेर टाकतो खरा, पण तो दाराच्या जवळ असला तर दारातून आलेली ताजी हवा सरळ त्याच्याकडे जाते आणि पंपापाशी जी वाफ निघते ती जागेवरच घोटाळत राहते. नव्या स्टुडिओंमधला एसी तर आणखी फसवा. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही. आहे तीच गार करून फिरवतो. गारव्यामुळे पारा कमी उडतो हे खरं, पण जो उडाला तो कोंडून राहतो, आणि माणसाला मात्र ताज्या हवेत बसल्यासारखं वाटतं. मला तर उकाड्याच्या गाळ्यापेक्षा अशा देखण्या, बंद, गार स्टुडिओतल्या मुलांची काळजी जास्त वाटते.

पणती हातभर अंतरावरून फुंकून विझवता येते. तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून विझवून पाहा, ज्योत हलतही नाही. ओढणाऱ्या हवेची ताकद तोंडापाशीच असते. नळाच्या तोंडापासून त्याच्या व्यासाएवढं अंतर गेलं की हवेचा वेग दहा टक्क्यांच्या आसपास उरतो. त्यामुळे वाफ जिथे निघते तिथेच, वीतभर अंतरात, ओढणारं तोंड असलं पाहिजे. वाफ पकडायची तर त्या जागी हवेचा वेग सेकंदाला अर्धा मीटर तरी हवा, असं औद्योगिक वायुवीजनातलं जुनं गणित आहे. भिंतीवरच्या पंख्याकडून तीन मीटरवर तो मिळणं शक्य नाही.

गाळ्यात अशा जागा मोजक्याच असतात. पंपाच्या बाहेर सोडणाऱ्या तोंडाला नळी जोडून ती थेट इमारतीबाहेर, छताच्या वर न्यायची. हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी करायचं काम. शेजारच्या गाळ्याच्या किंवा चाळीच्या खिडकीशी ती सोडली तर आपला पारा दुसऱ्याच्या घरात गेला; शक्य असेल तिथे गंधक मुरवलेल्या कोळशाच्या गाळणीतून ती सोडावी. दुसरी जागा म्हणजे पारा भरायचं टेबल. ते तीन बाजूंनी आणि वरून बंद, समोरून उघडं, मागच्या बाजूने हवा ओढणारं असावं. आत काठ उंच असलेला ट्रे, म्हणजे थेंब सांडला तरी ट्रेमध्येच राहील. तिसरी जागा बर्नरवरची. तिथे मोठं छत्र हवं. पाऱ्यासाठी नसेल, पण ज्योतीच्या धुरासाठी आणि उष्णतेसाठी ते लागतंच, आणि तापलेली हवा आपसूक वर जाते म्हणून तिथे छत्र चांगलं चालतं.

आणि ज्योतीचं काय? काकांच्या आक्षेपाला उत्तर बाहेर टाकणाऱ्या पंख्यात मिळत नाही, ते आत येणाऱ्या हवेत मिळतं. जेवढी हवा बाहेर टाकायची तेवढी आत यावी लागते. ती एका फटीतून आली तर वाऱ्याचा झोत होऊन ज्योत हलवते. तीच कारागिराच्या पाठीमागच्या भिंतीत रुंद, जाळीदार झरोके ठेवून संथ आत घेतली, तर ज्योत स्थिर राहते. मग हवा कारागिराच्या पाठीकडून येते, त्याच्या अंगावरून टेबलाकडे जाते आणि टेबलापलीकडून बाहेर पडते. वाफ त्याच्या नाकापर्यंत उलटी येत नाही. यासाठी पंप आणि पाऱ्याचं टेबल खोलीच्या बाहेर टाकणाऱ्या टोकाला, आणि चहा पिण्याची जागा ताजी हवा येते त्या टोकाला असावी. खरं तर चहा, जेवण, बिडी-सिगारेट गाळ्यात नकोच. बोटांवरचा पारा सिगारेटच्या जळत्या टोकाशी सरळ वाफ होऊन छातीत जातो.

‘पाऱ्याची वाफ हवेच्या सातपट जड असते, म्हणून ती खाली बसते,’ हे वाक्य या धंद्यात बरेचजण सांगतात. शुद्ध वाफेपुरतं ते खरं आहे. पण तीस अंशांवर पाऱ्याने भरलेल्या हवेतही दहा लाख भागांत पाऱ्याचे तीन-चार भागच असतात. असं मिश्रण साध्या हवेपेक्षा जड ठरत नाही. हवा जाईल तिकडे ते जातं, बर्नरच्या उष्णतेने वरही चढतं. उभं राहून काम केलं म्हणून कोणी सुरक्षित होत नाही.

सगळ्यात धोक्याचं काम नवी नळी बनवण्याचं नाही, जुनी दुरुस्त करण्याचं आहे. फुटलेली निळी नळी येते, तिच्यात पारा असतोच. काच मऊ व्हायला सहाशे अंशांच्या पुढे तापावी लागते, आणि पारा ३५७ अंशांना उकळतो. नळी न साफ करता ज्योतीवर धरली की आतला सगळा पारा क्षणात वाफ होतो, आणि त्या नळीला जोडलेल्या रबरी नळीचं टोक त्या वेळी कारागिराच्या दातांत असतं. यापेक्षा थेट रस्ता कल्पनेतही येणार नाही. जुन्या नळीतला पारा आधी ट्रेवर काढून बाटलीत भरावा, पाऱ्याने काळवंडलेला भाग कापून बाजूला काढावा, आणि त्या पट्ट्यातल्या कामाला तोंडाची नळी लावूच नये. जमत नसेल तर त्या अक्षराची नळी नवी करावी आणि गिऱ्हाईकाला तसं स्पष्ट सांगावं.

मास्कबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. कापडी मास्क किंवा कोविडमध्ये घराघरात पोचलेला एन-९५ पाऱ्याची वाफ अडवत नाही. तो कण अडवतो, वायू नाही. पाऱ्यासाठी खास कोळशाची डबी असलेला मास्क लागतो, आणि तोही सांडलं-फुटलं तेव्हाच्या तेवढ्या वेळापुरता. सांडलेल्या पाऱ्याला झाडू लावू नये, कारण झाडू थेंब फोडतो. एक मिलिमीटरचा थेंब फुटून दशांश मिलिमीटरचे हजार कण झाले, तर वाफ होणारा पृष्ठभाग दहापट होतो. घरातला व्हॅक्यूम क्लीनर त्याहून वाईट. तो गरम हवेबरोबर पारा खोलीभर उडवतो. ड्रॉपरने थेंब उचलावेत, बारीक कण चिकटपट्टीने टिपावेत, फटींत गंधकाची पूड भरावी आणि गोळा झालेला पारा घट्ट झाकणाच्या बाटलीत पाण्याखाली ठेवावा. कामाआधी बोटातली अंगठी काढावी, पारा सोन्यात शिरतो. कामाचे कपडे गाळ्यातच राहावेत. अमेरिकेत थर्मामीटर कारखान्यातल्या कामगारांच्या मुलांच्या लघवीत वाढलेला पारा सापडला होता. तो कामाच्या कपड्यांबुटांवरून घरी आला होता.

कायद्याला हे सगळं माहीत आहे. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १४ मध्येच लिहिलं होतं की धूर-वाफ ओढणारं साधन ती निघते त्या जागेच्या शक्य तितकं जवळ हवं आणि ती जागा शक्य तितकी बंदिस्त हवी. पाऱ्याची विषबाधा त्या कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात सूचनीय रोग म्हणून नोंदलेली होती; कामगारात ती आढळली तर डॉक्टरने कळवणं बंधनकारक होतं. पण वीज वापरणारा कारखाना म्हणजे दहा किंवा अधिक कामगार, अशी त्या कायद्याची सर्वसाधारण व्याख्या होती, आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत ती मर्यादा वीसवर गेली. दोन माणसांचा निऑनचा गाळा या व्याख्येत बसत नाही. भारताने पाऱ्याविषयीचा मिनामाता करार २०१८ मध्ये मंजूर केला, पण त्याचा हात काकांच्या टेबलापर्यंत पोचायला मधे कोणीच नाही. दोन माणसांच्या फुप्फुसांना वीस माणसांच्या फुप्फुसांएवढंच विष लागतं, हे व्याख्या ठरवणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवं होतं. मला ही उणीव अक्षम्य वाटते.

तोवर जे हातात आहे ते करावं. निऑन शिकवणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या दिवशी काच हातात देण्याआधी पंपाच्या तोंडाला लावलेली नळी दाखवावी, आणि ती नसेल तर शिकवणं थांबवावं. काम देणाऱ्या आर्किटेक्टने, सेट डिझायनरने, कॅफेमालकाने दर ठरवताना हवेच्या सोयीचा खर्च त्यात धरावा. तुमच्याकडे जुनी निळी-पांढरी काचेची पाटी असेल तर ती फोडून घंटागाडीत टाकू नका. नळ्या शाबूत ठेवून, खोक्यात गुंडाळून, पारा आहे हे लिहून, घातक कचरा स्वीकारणाऱ्या केंद्राकडे किंवा त्या नळ्या परत घेणाऱ्या कारागिराकडे द्या. आणि कारागीरमित्रांनो, वर्षातून एकदा लघवीतल्या पाऱ्याची तपासणी करून घ्या. पाळी सुरू होण्याआधी नमुना द्या आणि डॉक्टरांना आपला धंदा आठवणीने सांगा. क्रिएटिनिनच्या ग्रॅममागे २० मायक्रोग्रॅमच्या वर आकडा आला तर औषधाच्या मागे लागण्याआधी गाळ्याची हवा दुरुस्त करा.